शवपेटीमागची दुसरी केबल

तीर्थस्वरूप देल्फिनदादा,

धाकट्या आनाक्लेतोचा टोपी काढून, मान लववून नमस्कार. (टोपी खरोखर काढली आहे. या दिवसांत रुमिलोमात वारा कसा सुटतो हे तुला अजून आठवत असेल, तर माझ्या आदराची काही किंमत कळेल.) तुझी कंबर कशी आहे? छपरांवर चढायचंच काम आहे, की आता खाली उभं राहून वर चढलेल्यांवर ओरडायच्या जागेवर गेलास? नार्सिसावहिनींना नमस्कार. पोरांचे गालगुच्चे घे म्हणून लिहिणार होतो, पण फोटोत ती माझ्यापेक्षा उंच दिसताहेत, तेव्हा त्यांनाही नमस्कारच सांग. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे आई गेली तेवढं सोडून. लुसचे केस गळताहेत, तादेओमामाची गाय व्याली, बटाट्यावर करपा पडला, आणि माझी वाचा परत आली आहे. या शेवटच्या गोष्टीबद्दलच हे पत्र आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू माझं तोंड बघतोस, आणि माझ्या तोंडावर काही लपत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. (शिवाय मागून वहिनी विचारत असतात, काय म्हणतोय, काय म्हणतोय, आणि मग मी भलतंच काहीतरी म्हणतो.) म्हणून हे पार्सलमधून पाठवतोय. पार्सलात आपल्या परसातले, सशासारखे गुबगुबीत दोन कुई भाजून घातलेत. पाय मोजून घे, आसोगेस शहरातल्या पार्सलवाल्याला वाटेत भूक लागते. उकडायचा मका आहे. लुसनं केलेलं चीज आहे, त्याचा वास आला तर घाबरू नकोस, ते तसंच असतं. सगळ्यात खाली एक कापडी पिशवी आहे, तोंड शिवून बंद केलेली. ती हे पत्र संपेपर्यंत उघडू नकोस. थोरला असलास तरी एवढं माझं ऐक.

तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होतीस. तुला येता येणार नव्हतं. तिकडचे कागद तुझ्याकडे नाहीत, आलास तर परत जाता येणार नाही आणि मग तिकडे पोरांचं काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ये असं तुला कुणी म्हटलं नाही. आईनंही शेवटपर्यंत म्हटलं नाही. तू म्हणालास, शवपेटी उचलायच्या आधी थोरल्या मुलानं आईच्या कानाशी बोलायचं असतं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, चुकलंमाकलं माफ कर आणि आशीर्वाद दे म्हणून. ते मी इथून बोलेन, तू फक्त माझा आवाज तिच्यापर्यंत पोचव. मी छाती फुगवून म्हणालो, दादा, हे काय मागणं झालं? गावातली लग्नं, बारशी, मयती तिकडे परदेशात तुमच्या क्वीन्सला थेट दाखवणारा माणूस तुझा सख्खा भाऊ आहे. (लग्नाला दोन कॅमेरे लावतो, मयताला एक. मयत हलत नाही.) तुझा आवाज असा येईल, की आई उठून बसेल.

आता तो आवाज कसा येतो ते सांगतो. कंटाळू नकोस, यातच सगळं आहे. बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन वर टेकडीवर, चर्चच्या मागे घंटा वाजवणाऱ्याच्या खोलीत येते. घंटा वाजवणारा म्हणजे आपला चुलतभाऊ एलेआसार, ज्याला देवानं दोन कान दिले आणि घंटेनं दोन्ही नेले. त्या खोलीत एक स्विच आहे. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. केबल खोचायच्या भोकांचा एक डबा असतो, त्या भोकांना पोर्ट म्हणतात. तसाच दुसरा डबा खाली सभागृहात, भिंतीतल्या कोनाड्यात. दोघांच्या मध्ये निलगिरीच्या खांबांवरून ओढलेली एक जुनी केबल. सभागृह, शाळा, दूध संकलन केंद्र, खालच्या आळीचं सगळं बोलणं त्या एका केबलमधून वर जातं. एवढंच असतं तर ती बिचारी सुखानं म्हातारी झाली असती. पण खालच्या आळीत तुमची घरं आहेत. अर्धं गाव क्वीन्सला, आणि प्रत्येकाचं इथे चार मजली घर, काळ्या काचा, फाटकावर सिमेंटचे सिंह, आत कुणी नाही. आणि प्रत्येक घराला कॅमेरे, म्हणजे तिकडे डबा खाताना आपलं रिकामं घर जागच्या जागी आहे की नाही ते तुम्हाला बघता यावं. तुझ्या घराला सहा आहेत. (त्यातला एक गॅरेजमध्ये आहे. गॅरेजमध्ये गाडी नाही. तो कॅमेरा रात्रंदिवस एका बादलीचं चित्र क्वीन्सला पाठवतो.)

तुझ्या फाटकावरच्या कॅमेऱ्यावर मात्र आईचा जीव होता. दर रविवारी चर्चमधून परतताना पांढरी टोपी सारखी करून, काळी शाल नीट ओढून ती त्याच्यासमोर उभी राहायची आणि आठवड्याची सगळी हकिगत सांगायची. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं कोकरू कोल्ह्यानं नेलं, मी किती आळशी आहे. मी तिला शंभरदा सांगितलं, आई, याला नुसता डोळा आहे, कान नाही, देल्फिनला यातलं काही ऐकू जात नाही. ती म्हणायची, "बहिरा असला म्हणून काय झालं? बघतोय ना?" आणि पुन्हा सुरू. हे तुला कळवायचं नाही अशी ताकीद होती. कळवलंस तर तो कानवाला कॅमेरा बसवेल आणि मग मला जपून बोलावं लागेल, असं तिचं म्हणणं.

तर या रिकाम्या घरांच्या चित्रांनी ती केबल इतकी तुंबायची, की मयताचं चित्र अडखळू लागलं. आसोगेसच्या दुकानदारानं उपाय सांगितला. शेजारून दुसरी केबल ओढ, दोन्ही डब्यांच्या शेजारच्या पोर्टमध्ये खोच, आणि दोन्ही डब्यांना समजावून सांग की या दोन केबल वेगळ्या नाहीत, ही एकच मोळी आहे. मग दोघी मिळून दुप्पट ओझं नेतात. आणि एक तुटली तरी दुसरी काम रेटत राहते, कुणाला पत्ताही लागत नाही. (आपल्या घरातही दोघे भाऊ होते. त्यातला एक क्वीन्सला गेला, आणि दुसरा काय रेटतोय याचा कुणाला पत्ता लागला नाही. हे आपलं सहज सुचलं म्हणून लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस.) फक्त एक पथ्य सांभाळायचं. आधी डब्यांना समजवायचं, मग केबल खोचायची. उलटं केलं तर खालचा डबा एका केबलनं निरोप वर पाठवतो, वरचा तोच निरोप दुसरीनं खाली पाठवतो, खालचा पुन्हा वर, आणि निरोप गोल गोल फिरत राहतो, फिरता फिरता वाढत राहतो, आणि बघता बघता कुणाचाच एक शब्द पुढे सरकत नाही. हे मला माहीत होतं. दादा, हे वाक्य दोनदा वाच: हे मला माहीत होतं.

मग आई गेली. दारात बसून घेवडा सोलत होती, म्हणाली यंदा दाण्यांत दम नाही, आणि लुस चूल फुंकून मागे वळते तो आईची मान खाली. हे तुला फोनवर सांगितलंच आहे. पुन्हा लिहिलं, कारण या भागात तरी माझा कुठे हात नाही.

दुसरी केबल तेव्हा खांबांवर चढली होती. खालचं टोक सभागृहातल्या डब्यात खोचलेलं, वरचं एलेआसारच्या खोलीत नुसतं लोंबत. डब्यांना समजवायचं तेवढं राहिलं होतं. पहिल्या दिवशी तुम्ही जुन्याच केबलवर सगळं पाहिलंत, आणि वहिनींनी कळवलं की आईच्या नाकावर मधूनमधून चौकोन येतात, बाकी छान दिसतंय. ते चौकोन माझ्या जिवाला लागले. ठरवलं, उद्या सकाळी लॅपटॉपवरून दोन्ही डब्यांना समजवायचं आणि दुपारी तुझ्या बोलण्याआधी मोळी बांधून मोकळं व्हायचं. एलेआसारला बजावून ठेवलं, मी फोन करेन, "लाव" म्हणेन, तेव्हाच टोक खोच, आधी नाही.

आणि सकाळी तादेओमामानं हाडाचा फासा काढला.

तू किती वर्षं तिकडे असलास तरी वाय्रूचा डाव विसरला नसशील. मयताच्या जागी फासा समोर आला की नाही म्हणता येत नाही, कारण गेलेलं माणूसही एक डाव खेळतं; आणि ते जिंकलं तर त्याच्या नावानं सांगितलेली शिक्षा हरणाऱ्यानं भोगायची, शवपेटी उचलेपर्यंत. बाबांच्या मयताला बाबा जिंकले आणि आईनं त्यांच्या नावानं गावच्या अध्यक्षाला गाढवासारखं ओरडायला सांगितलं. तो लाजला, ओरडला नाही, आणि त्या साली दहिवरानं नेमके त्याचेच बटाटे गेले. हे गावात अजून सांगतात. (अध्यक्ष स्वतःच सांगतो.) तर मामानं आईच्या वतीनं फासा टाकला आणि फासा उभा राहिला. उभ्यापेक्षा मोठं दान नाही. माझा पालथा पडला. आईचं नाव घेऊन एकच आरडाओरडा झाला, "त्रान्सितो काही हरायची नाही!" मग प्रश्न आला, ती मागेल काय? लुस, आपली सख्खी बहीण, डोळे पुसत पुसत म्हणाली, "काय मागणार? रोज एकच तर मागायची. आनाक्लेतो, जरा तोंड मिट." सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. मामानं कायदा आणखी घट्ट केला, "आणि लिहायचंही नाही. हा लबाड आहे, फोनवर बोटं चालवेल. त्या यंत्राला तर शिवायचंसुद्धा नाही." यंत्र म्हणजे लॅपटॉप. झालं. पेटी उचलेपर्यंत मी मुका आणि अडाणी.

तरी मी घाबरलो नाही. म्हटलं, मोळी नाही तर नाही. जुनी केबल आहे, चौकोनी नाकानं का होईना आई दिसतेय, आवाज जातोय. दुसरी वर लोंबू दे. एवढा शहाणा विचार मी अख्ख्या आठवड्यात केला नव्हता. आणि तेवढ्यात एलेआसारचाच फोन आला.

"काय रे, लावू का?" मी गप्प. "अरे, लावू का म्हणतोय!" मी फोन लुसच्या तोंडाशी धरला आणि दोन्ही हात हलवून खुणा केल्या, नाही, नको, थांबव त्याला. लुसला वाटलं शिक्षेत नकला पण आहेत. ती म्हणाली, "कोंबडा!" मागून मामा म्हणाला, "कोंबडा कसला, टर्की आहे, मान बघ." मी फोन परत घेतला आणि त्यात जीव तोडून खोकलो. खोकला म्हणजे थांब, असं आमचं काही ठरलेलं नव्हतं. एलेआसार म्हणाला, "हां, मग असं सांग ना. लावतो. आणि खोलीला कुलूप घालून स्मशानात जातो, तिकडे खड्डा तिरका खणतायत." आणि त्यानं लावली.

डब्यावर हिरवे दिवे असतात. एरवी आळसावून लुकलुकतात. ते एकदम अंगात आल्यासारखे नाचायला लागले, आणि लॅपटॉपवरचं चित्र थिजलं. तुमच्याकडे कुठल्या क्षणी थिजलं ते नंतर तूच सांगितलंस: तादेओमामा मक्याच्या परातीवर वाकला होता, आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी मामाच्या पँटचं ठिगळ. तिकडे क्वीन्सच्या तळघरात जमलेल्या सगळ्या रुमिलोमानं त्या ठिगळासमोर गुडघे टेकून अख्खी जपमाळ म्हटली. मग वहिनी तुला म्हणाल्या, चित्र अडकलंय, आवाज जातोय, तुम्ही बोला. चांगल्या मनानं म्हणाल्या, त्यांच्यावर रागावू नकोस.

आवाज जात नव्हता, दादा.

लिहून टाकलं. आता पुढचं वाच. दोन्हीपैकी कुठलंही एक टोक उपटलं असतं की सगळं शांत झालं असतं. पण वरचं टोक कुलपात, किल्ली एलेआसारच्या पट्ट्याला आणि एलेआसार स्मशानात. त्याच्या फोनला हाक मारायची तर तोंड हवं. खालचं टोक कोनाड्यात, आणि कोनाड्यापुढे आई. चारी बाजूंनी मेणबत्त्या, फुलांची चक्रं. पेटी वेळेआधी जागची हलवली तर घरातलं आणखी एक माणूस जातं, म्हणून तिला कुणी बोट लावू देत नाही, आणि गेलेल्याच्या अंगावरून हातही न्यायचा नसतो. मी आधी सभागृहाचं मुख्य बटण बंद केलं. दिवे गेले, बायका किंचाळल्या, आणि डबा नाचतच राहिला. वीज गेली तरी मयत दिसत राहावं म्हणून गेल्या वर्षी मीच त्याला बॅटरी जोडली होती. (तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. अध्यक्षानं तर भाषणही केलं होतं.) शेवटी मी जमिनीवर पालथा झालो आणि आईच्या पेटीच्या चौरंगाखाली शिरलो.

आत अंधार होता आणि मेणाचा वास. हात कोनाड्याला वीतभर कमी पडत होता. आणखी थोडं सरकावं म्हणून पाठीवर वळलो, आणि एकदम जाणवलं की माझ्या नाकासमोर फळी आहे आणि फळीच्या पलीकडे आईची पाठ. लहानपणी विजा कडाडल्या की मी तिच्या खाटेखाली जाऊन झोपायचो, आठवतं? तू हसायचास. दादा, शपथ घेऊन सांगतो, मी तिथे केबलसाठी गेलो होतो. पण हात पुढे जाईना. मला रडू फुटलं, तेही आवाज न करता, कारण आवाजाला बंदी. असं रडून बघ एकदा, बरगड्या दुखतात. बाहेरून माझे फक्त बूट दिसत होते आणि बूट थरथरत होते. लोक म्हणाले, धाकट्याला आवरत नाहीये. चौघांनी पाय धरून मला बाहेर ओढलं, मामानं मिठी मारली, कुणीतरी दालचिनीची गरम दारू तोंडात ओतली. मी कोनाड्याकडे बोट दाखवत राहिलो. मामा म्हणाला, "हो रे बाळा, तिथेच आहे आई. बघ किती शांत." मी पुन्हा शिरायला गेलो तर तेनेसाकांच्या घरातले दोन दणकट गडी माझे दंड धरून बसले, ते शेवटपर्यंत.

तू विचारशील, तोंड उघडून एक वाक्य बोलला असतास तर आभाळ कोसळलं असतं का? तोंड उघडलं होतं. तीनतीनदा उघडलं. पण फासा उभा पडला होता. जन्मभर तिनं मला गप्प बस म्हटलं आणि मी एकदाही बसलो नाही. जेवताना नाही, चर्चमध्ये नाही, बाबांच्या मयतात नाही. आता तिनं शेवटचं मागितलं, तेही गावासमोर, आणि ते मोडायचं? मला जमलं नाही. तिला तरी काय माहीत, की माझं तोंड बंद केलं की त्यात तुझाही आवाज अडकणार होता.

दुपारी तुझी वेळ झाली. सगळे गुडघ्यांवर बसले, तोंडं स्पीकरकडे. स्पीकरला लुसनं काळी फीत बांधली होती. मामा मोठ्यानं म्हणाला, "देल्फिन, बोल बाळा. आई ऐकतेय." स्पीकर गप्प. आम्ही थांबलो. मेणबत्त्यांची तडतड ऐकू येत होती. मग मागून कुणी बाई हळूच म्हणाली, "गळा दाटलाय त्याचा." दुसरी म्हणाली, "थोरला ना. लांब राहिलेल्याला जास्तच लागतं." आणि सगळं सभागृह रडायला लागलं. अध्यक्ष रडला. मामा भिंतीला डोकं टेकून रडला. बाबांच्या वेळी एवढं कुणी रडलं नव्हतं. तू तिकडे ठिगळाशी बोलत होतास आणि इथे तुझ्या गप्प राहण्यावर गाव रडत होतं. अजूनही लोक मला वाटेत अडवून म्हणतात, देल्फिन एक शब्द बोलला नाही, पण काय बोलला! काय झालं ते त्या जागी एकाच माणसाला माहीत होतं, आणि तेनेसाकांनी त्याचे दंड धरले होते.

पेटी उचलली. बँड वाजायला लागला, सगळे तिच्यामागून बाहेर पडले. मामानं जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली, "सुटलास. बोल आता, किती बोलायचं ते." कोनाडा मोकळा झाला होता. मी गेलो आणि केबल उपटली. एका बोटाचं काम होतं. दिवे पुन्हा आळसावले, आणि थोड्या वेळानं लॅपटॉप वाजला. तू होतास. डोळे सुजलेले, मागे वहिनी. तू विचारलंस, "ऐकलं ना रे तिनं?" सभागृह रिकामं, जमिनीवर सांडलेले मक्याचे दाणे, बँड टेकडी चढत होता. सकाळपासूनचा माझा पहिला शब्द होता तो. मी म्हणालो, "हो."

तू म्हणालास, आता मला झोप येईल. आणि तुला ती आली, वहिनी सांगत होत्या. म्हणून इतके दिवस मी काही बोललो नाही. मग आता का सांगतोस, असं विचारशील तर ते खाली लिहितो. अशा गोष्टी मला पत्राच्या पोटात लिहिता येत नाहीत.

बाकी ठीक. तुझा जीव माझ्यावर आहे तेवढा पुरे, आणखी वाढवू नकोस, परतीच्या पार्सलात मावायचा नाही. सांभाळून चढत जा.

तुझा धाकटा, सध्या बोलता,
आनाक्लेतो

ता. क. मोळी आता बांधली. दोन्ही डब्यांना नीट समजावलं, दोन्ही केबल एक होऊन चालतात, चित्र काचेसारखं येतं. बघायला काही नाही, कारण त्यानंतर गावात कुणी गेलेलं नाही. आसोगेसच्या दुकानदाराला सगळी कथा सांगितली तर तो म्हणाला, अरे बाबा, दोन केबल जोडल्या तरी एका माणसाचं बोलणं एकाच केबलनं जातं. गाड्या दोन रस्त्यांवर वाटता येतात, एक गाडी दोन रस्त्यांवरून धावत नाही. म्हणजे तुझ्या आवाजाला दुसरी केबल लागतच नव्हती. त्या दुपारपुरते रिकाम्या घरांचे कॅमेरे बंद केले असते, तुझे सहा धरून, तरी भागलं असतं. ते मला सुचलं नाही. तुलाही सुचलं नाही.

आणखी एक ता. क. बादलीवरचा कॅमेरा बंद कर. फाटकावरचा राहू दे. त्यात जुनं काही साठून राहत असेल तर रविवारचं काढून बघ. ओठांवरून काही कळलं, तर माझ्या आळसाबद्दल जे दिसेल त्यातलं निम्मंच खरं मान.

शेवटचा ता. क. आता पिशवी उघड. पाचव्या दिवशी आम्ही आईचे कपडे नदीवर नेले. पहिला कपडा थोरल्यानं धुवायचा असतो. लुसनं काळी शाल माझ्या हातात दिली, म्हणाली, "तो नाही तर तूच थोरला. धू." मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो बराच वेळ, आणि मला ती धुववली नाही. बाकी सगळं धुतलं, शाल तशीच आणून पिशवीत शिवली. चुलीचा धूर आहे तिला, घेवड्याचा वास आहे, आणि चीजचाही लागला असेल. वहिनी म्हणतात तुमच्याकडे रेल्वेच्या पुलाखाली पाणी आहे, काळं आहे पण वाहतं आहे. तेवढं पुरे. नाणं टाकून गरगर फिरवायच्या यंत्रात टाकू नकोस. पँट वर दुमड, पाण्यात उतर, आणि धुताना त्या दुपारी जे बोललास ते सगळं पुन्हा बोल, मोठ्यानं. लोक बघतील, बघू देत. ती ऐकेल का, हे मला विचारू नकोस. मी एकदा हो म्हणून बसलोय. तुझ्या बहिऱ्या कॅमेऱ्याशी ती दर रविवारी बोलायची. तू एकदा तिच्या शालीशी बोल.